प्रज्ञाला आणायला तांबड्या मातीत

मंदाने मला ऑस्ट्रेलियाला पाठवलं ते देश बघायला नाही, तर आमच्या मुलीला तिथल्या वाळवंटातून उठवून शहरात नेऊन ठेवायला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर ती स्वतःच गेली असती आणि हे काम दोन दिवसांत उरकून परत आली असती. ते माझ्या वाट्याला आलं, म्हणून हे लिहायला मिळतंय.

आमची प्रज्ञा नर्स आहे. कल्याणच्या एका हॉस्पिटलात काही वर्षं काढून, तिकडच्या परीक्षा देऊन ती ऑस्ट्रेलियाला गेली. कल्याणला असताना ती ड्युटीवरून घरी परत येईपर्यंत मंदाचा काय, माझाही कधी डोळा लागला नाही. पहिलं वर्ष ती मेलबर्नला होती. तेव्हा मंदाची काही तक्रार नव्हती, कारण तिथे माझा भाचा नितीन राहतो. मग प्रज्ञाने देशाच्या अगदी मध्यावर, ॲलिस स्प्रिंग्जच्याही पुढे, एका खेड्यातल्या दवाखान्यात दोन वर्षांचं काम घेतलं. ती दोन वर्षं आता संपत आली होती आणि अजून दोन वर्षं राहणार का, असं तिला विचारलं गेलं होतं. उत्तर महिनाअखेर द्यायचं होतं. मंदाचं म्हणणं एकच होतं, आणि ते तिने मला बॅग भरताना, जेवताना आणि औषध घेताना ऐकवलं. पोरगी तापाने फणफणली, बाथरूममध्ये पडली, तर तिथे कोणाला कळणार आहे?

मी तीस वर्षं डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवला. ऑस्ट्रेलियाचा नकाशा फळ्यावर लावून मधल्या मोठ्या पिवळ्या भागावर छडी ठेवायचो आणि सांगायचो, इथे वस्ती अत्यंत विरळ आहे. परीक्षेत ते एका मार्काला येतं. आपली मुलगी त्या एका मार्कात जाऊन राहील असं कधी मनातही आलं नव्हतं.

माझे वडील खडवलीजवळ रेल्वेत गँगमन होते. रुळांवर हातोडा घेऊन चालायचे. त्यांना सही येत नव्हती, पण मी कॉलेजसाठी कल्याणला निघालो की ते हातातलं काम थांबवून मी दिसेनासा होईपर्यंत उभे राहायचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. विमानात खिडकीजवळची जागा मिळाली तेव्हा त्यांची आठवण आली, आणि हवाई सुंदरीने चहा विचारला तेव्हा मी जरा जास्तच वेळा थँक्यू म्हणालो.

निघतानाची एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. मी बॅगा घेऊन जिन्यात उतरलो आणि खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी काका समोर आले. म्हणाले, "काय सर, कुठे निघालात?" वरून मंदाने ते ऐकलं. झालं. मला बॅगांसकट वर बोलावलं, खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं आणि पुन्हा पहिल्यापासून निघायला लावलं. टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवत होता. आमच्या घरात निघणाऱ्या माणसाला कुठे म्हणून विचारत नाहीत, आणि कोणी विचारलंच तर सांगत नाहीत. इथेच, जरा जाऊन येतो, एवढंच. माझी आई असंच करायची, मंदाची आईही. मी मुलांचे विज्ञानाचे तासही घेतलेत, पण यात कधी पडलो नाही. पाणी प्यायलो आणि निघालो.

मेलबर्न

जुलैत तिकडे हिवाळा असतो हे शिकवणं वेगळं आणि विमानतळाच्या दारातून बाहेर पडणं वेगळं. पण त्याआधी तपासणी होती. तिकडे बाहेरून आणलेल्या खाण्याबद्दल फार कडक असतात. प्रज्ञाने फोनवर बजावून सांगितलं होतं की पप्पा, जे काही आहे ते सगळं स्वतःहून सांगा, लपवू नका. त्यामुळे मी त्या तरुण अधिकारी बाईंना विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. गोडा मसाला, चिवडा, भाजलेले बोंबील. तिने बोंबलाची पिशवी उघडली, आणि शेजारच्या रांगेतल्या माणसांनी मागे वळून पाहिलं. मी म्हणालो, फिश. ती म्हणाली, आय नो, आणि हसली. बोंबील सुटले. मंदाने शेवटच्या घटकेला मोज्यांमध्ये कोंबलेला कढीपत्ता मात्र निघाला. तो मला माहीतच नव्हता. बाईने तो दोन बोटांनी उचलून डब्यात टाकला आणि मला सोडून दिलं. बाहेर नितीनला बघून माझा जीव भांड्यात पडला.

मेलबर्न सुंदर आहे. ट्राममध्ये शहराच्या मधल्या भागात तिकीट लागत नाही, हे पटायला मला दोन दिवस लागले. दर वेळी मी खिशात हात घालायचो. लोक हातात कॉफीचे पेले घेऊन चालतात आणि ती कॉफी इतकी कडक असते की नितीनच्या घरी मी तिच्यात पाणी आणि साखर घालून घेतली. त्याने तोंड फिरवलं. ‘मीट पाय’ नावाचा मटण भरलेला प्रकार खाल्ला. हाताच्या पंजाएवढी पेस्ट्री, आत दाट रस्सा. तो रस्सा पहिल्याच घासाला माझ्या शर्टावर आला. तिथले लोक तो उभ्याने, मॅच बघता बघता खातात आणि एक थेंब सांडत नाहीत. सवयीचा भाग आहे. आपण पाणीपुरी खातो तेव्हा पाहुण्यांची अशीच फजिती होते.

नितीनने प्रज्ञाची सगळी तयारी करून ठेवली होती. त्याच्या ओळखीच्या एका हॉस्पिटलात जागा होती, घरात एक खोली रिकामी होती, महाराष्ट्र मंडळाचा गणपती जवळ आला होता. "मामा, तुम्ही फक्त तिला हो म्हणायला लावा," तो म्हणाला. "ती माझं ऐकत नाही. तिकडे एकटीने राहण्यात काय मोठेपणा आहे?" मी म्हणालो, बघतो. मनातून मला तो शंभर टक्के पटला होता.

ॲलिस स्प्रिंग्ज

विमान उतरायला लागलं तेव्हा खाली सगळं तांबडं होतं. नकाशातल्या पिवळ्या रंगाला काही अर्थ नाही, हे मी शाळेत कळवायला हवं. जमीन विटेसारखी लाल, आकाश इतकं निळं की डोळे मिटावेत, आणि मध्ये कुठेच काही नाही.

प्रज्ञा घ्यायला आली होती. दोन वर्षांत ती काळी झाली होती आणि खांद्यात रुंद झाली होती. मला मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "बोंबील सुटले?"

गावातून एक नदी जाते, ती रुंद आहे, तिच्या काठाने पांढऱ्या बुंध्यांची मोठी झाडं आहेत, तिच्यावर पूल आहे, फक्त तिच्यात पाणी नाही. वाळू आहे. वर्षानुवर्षं ती अशीच असते आणि कधीतरी अचानक वाहते. आमच्या खडवलीची भातसा उन्हाळ्यातही ओली असते. लहानपणी पात्रात उतरताना वडील ओरडायचे. इथे मी त्या नदीतून चपला घालून पलीकडे गेलो, आणि तसं जाताना उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी प्रज्ञाने मला बारामंडी नावाचा मासा खायला घातला. भाजलेला, वर लिंबू. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. चव ओळखीची होती. दिवा स्टेशनच्या बाजूला माझा एक आगरी मित्र आहे, तो खाडीत मोठा जिताडा सापडला की माझ्याकडे एक तुकडी पाठवतो. मी म्हटलं, अगं हा आपला जिताडा आहे. प्रज्ञाला खात्री नव्हती. फोनवर शोधलं तर खरोखरच एकच मासा निघाला. माझ्या भूगोलाला त्या दिवशी पहिल्यांदा मान मिळाला, आणि तो माशामुळे मिळाला.

कांगारूही चाखला. थोडा कलेजीसारखा लागतो, चरबी नाही. एकदा खाल्ला, पुन्हा मागवला नाही.

प्रज्ञाचं गाव

गावाचं नाव लिहू नका असं प्रज्ञाने सांगितलंय, कारण तिच्या पेशंटना ते आवडणार नाही. ॲलिसहून निघालं की आधी डांबरी रस्ता, मग लाल मातीचा. समोरून गाडी येते ती अर्ध्या तासाने एक. ती जवळ आली की तिचा ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. प्रज्ञाही उचलते. ओळख असो नसो. आमच्या शीळफाट्याच्या गर्दीत असं करायचं ठरवलं तर बोट खाली घ्यायला वेळच मिळणार नाही.

गावात शाळा आहे, दवाखाना आहे, पोलीस चौकी आहे आणि एक पेट्रोल पंप आहे. बहुतेक वस्ती तिथल्या मूळ लोकांची, ज्यांची ही जमीन पूर्वापार आहे. त्यांच्या म्हाताऱ्या बायका दवाखान्याच्या ओट्यावर उन्हात बसलेल्या असतात. औषध घेऊन झालं तरी बसलेल्या असतात. प्रज्ञाने माझी ओळख करून दिली तेव्हा त्यातल्या एका आजीने मला नीट न्याहाळलं आणि प्रज्ञाला काहीतरी सांगितलं. प्रज्ञा हसायला लागली. आजीचं म्हणणं होतं की हा बाप असूनही फार बारीक आहे, त्याला खायला घाल.

खायला घालायचं काम पंपावरची कॅरोल करायची. साठीच्या पुढची, उंच, पांढऱ्या केसांची बाई. नवऱ्याबरोबर पंप चालवते आणि पंपाच्याच मागे तिचं स्वयंपाकघर आहे. तिथला बर्गर उघडून बघितला तर आत बीटाची चकती. मला वाटलं चुकून पडली. नाही, त्यांच्यात तसंच असतं. लॅमिंग्टन नावाचा केक मिळाला, चॉकलेटात बुडवून वरून सुक्या खोबऱ्याचा कीस लावलेला. कोकणातल्या कोणीतरी जाऊन शिकवला असावा असा. निखाऱ्यात भाजलेली जाड भाकरी मिळते, तिला डॅम्पर म्हणतात. मी कॅरोलला सांगितलं की आमच्याकडे घाटावर असाच रोडगा भाजतात. तिने विचारलं, बरोबर काय खातात. मी वांग्याचं भरीत समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही असं चेहऱ्यावरून वाटलं. ती डॅम्परवर गोड पाक ओतून देत होती, ते मला पटलं नव्हतं, त्यामुळे फिटंफाट झाली.

कॅरोलची एकच सवय मला खटकायची. पंपावरून कोणीही निघालं की ती खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायची, कुठे चाललात आणि परत कधी. ट्रकवाल्याला, पोलिसाला, मास्तरीणबाईंना. आणि सगळे तिला नीट उत्तर द्यायचे. अमुक फाट्याला, अमुक वाजता. दर वेळी मी मान दुसरीकडे वळवायचो. मी प्रज्ञाला म्हटलंही, ही बाई निघता निघता टोकते. मंदा असती तर दिवसभर पाणी पीत बसली असती. प्रज्ञा म्हणाली, इथे सगळेच विचारतात, तुम्ही मनावर घेऊ नका.

मधल्या काळात मी माझ्या कामाचा विषय काढायचा प्रयत्न केला. नितीनकडची खोली, हॉस्पिटल, गणपती. प्रज्ञाने भात कुकरला लावता लावता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, रविवारी मोकळी आहे, आपण दरीत जाऊ, तिथे बोलू, चारपर्यंत परत येऊ.

रविवार

दरी गावापासून बऱ्यापैकी लांब होती, पण तिकडे लांब या शब्दाला काही अर्थ नाही. सकाळी आम्ही पंपावर थांबलो. प्रज्ञा मागे पाण्याचे कॅन आणि जेवणाचा डबा चढवत होती, मी पुढे बसलो होतो. कॅरोलने खिडकीतून विचारलं, कुठे चाललात? आणि माझ्या तोंडून, मी काही ठरवायच्या आतच, आईचं उत्तर गेलं. म्हणालो, इथेच, जवळच. कॅरोलने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, मग मान हलवली. प्रज्ञाने गाडीत बसताना विचारलं, "कॅरोलशी बोललात ना?" मी म्हणालो, हो, बोललो.

दरी बघून माझे शब्द संपले होते, ते अजून परत आलेले नाहीत. दोन्ही बाजूंना लाल कडे, इतके सरळ की जणू कोणी सुरीने कापलेत, आणि तळाशी काळं गार पाणी. त्या पाण्याजवळ पांढरे पोपट. आम्ही थालीपीठ आणि बोंबील खाल्ले. मी पुन्हा विषय काढायच्या बेतात होतो, पण प्रज्ञा पाण्यात पाय सोडून डोळे मिटून बसली होती, म्हणून म्हटलं परतताना बोलू.

परतताना मागचं चाक धारदार दगडावर चढलं आणि टायर फाटला. प्रज्ञाने माझी मदत घेऊन, पण मुख्यतः माझ्याशिवाय, ते बदललं. मला फार अभिमान वाटला. तो जरा वेळच टिकला, कारण थोडं पुढे गेल्यावर पुढचंही चाक गेलं. जादा चाक एकच असतं. फोनला रेंज नव्हती. दवाखान्याच्या गाडीत सॅटेलाइट फोन असतो, पण ही प्रज्ञाची स्वतःची जुनी गाडी होती.

आपल्याकडे गाडी बंद पडली की माणूस काय करतो? चालायला लागतो. मुरबाड रोडला पाच मिनिटं चाललात तर टपरी लागते, दहा मिनिटं चाललात तर कोणीतरी मोटारसायकल थांबवून सर म्हणून हाक मारतो. मी टोपी घातली आणि म्हणालो, "मी जरा त्या उंचवट्यापर्यंत बघून येतो."

"पप्पा, गाडी सोडायची नाही."

"अगं, रस्ता तर दिसतोय."

"गाडी सोडायची नाही बोलले ना मी. इथे माणसं जिवानिशी जातात ती गाडी सोडल्यामुळे. गाडी वरून दिसते, माणूस दिसत नाही." तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वॉर्डमधला असणार. मी टोपी काढली. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "घाबरायचं काही नाहीये. चारला परत येऊ असं तुम्ही कॅरोलला सांगितलंय. चारला आपण दिसलो नाही की ती निघेल. तिची पद्धतच आहे."

मी खाली वाकून फाटलेलं चाक बघायला लागलो.

"पप्पा?"

"मी तिला सांगितलं नाही," मी म्हणालो. "तिने विचारलं, मी जवळच जातोय म्हणालो."

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिने आधी पाण्याच्या कॅनकडे बघितलं, मग सूर्याकडे. "आई करते तसं?" तिने विचारलं.

"हो."

ती गाडीच्या बंपरला टेकून खाली बसली आणि बराच वेळ हसत राहिली. ते हसू मला मारापेक्षा जास्त लागलं.

मग तिने उठून सगळी कामं केली. बॉनेट उघडून ठेवलं, म्हणजे गाडी अडकलीय हे लांबून कळावं. सुकी लाकडं गोळा केली. पाणी मोजून वेगळं काढलं. मला समजावलं की मरायची काही भीती नाही, पाणी पुष्कळ आहे, सोमवारी ती कामावर आली नाही की दवाखान्यातले शोधतील. फक्त रात्र काढावी लागेल, आणि तिथली हिवाळ्यातली रात्र बर्फासारखी असते. पांघरूण एकच होतं. ते ती मला देणार हे उघड होतं, आणि मी ते घेणार नव्हतो.

दुपार उतरायला लागली. मंदाने डोंबिवलीत विचारलेला प्रश्न आता त्या लाल रस्त्यावर माझ्यासमोर येऊन बसला होता. इथे हिला काही झालं तर कोणाला कळणार? आणि कळायची जी एक सोय होती, ती मीच सकाळी बंद करून आलो होतो. आम्ही गाडीच्या सावलीत बसलो आणि मी राहिलेलं बोलून टाकलं. नितीनकडची खोली, आईची झोप, माझं वय. तिने मध्ये तोडलं नाही.

मग म्हणाली, "मेलबर्नला मी एकदा तीन दिवस आजारी होते पप्पा. घरात चार मुली राहायचो. कोणाला कळलं नाही. सगळ्यांच्या शिफ्ट वेगळ्या."

हे आम्हाला तिने कधी सांगितलं नव्हतं.

"इथे मागच्या वर्षी मी एक दिवस दवाखान्यात गेले नाही, नुसती झोपले होते. दुपारी दाराशी तीन आज्या बसलेल्या. आत नाही आल्या. मी उठेपर्यंत बसून राहिल्या."

मी म्हटलं, "ते गावात. इथे आत्ता कोण येणार आहे?"

तिने लाकडं रचायला घेतली. ऊन तिरपं झालं तसे लांबचे डोंगर जांभळे व्हायला लागले. एरवी मी त्याचा फोटो काढला असता.

धूळ आधी तिलाच दिसली. रस्त्याच्या टोकाला एक लाल रेघ उठली, ती मोठी होत गेली, आणि मग तिच्या पुढे एक गाडी दिसली. मी दोन्ही हात हलवत रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, जणू आमची गाडी त्या मोकळ्या माळावर कोणाला दिसलीच नसती. कॅरोल उतरली. तिने आधी प्रज्ञाला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग चाकं बघितली, मग माझ्याकडे आली. तिचं इंग्रजी मला अर्धंच कळायचं, पण त्या वेळचं सगळं कळलं.

"जवळच," ती म्हणाली. "दोन मोठे कॅन पाणी घेऊन. जवळच म्हणजे माझा पंप, मिस्टर. त्याच्यापुढे सगळं लांब."

मी सॉरी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो. तिने तिसऱ्यांदा म्हणू दिलं नाही.

नंतर कळलं ते असं. दर रविवारी कॅरोल मोठं मटण भाजते आणि प्रज्ञाची थाळी ठरलेली असते. दुपार टळून गेली तरी आम्ही आलो नाही. सकाळचं माझं उत्तर तिला तेव्हाच पटलं नव्हतं, तरी तिला वाटलं बापलेकीला एकांत हवा असेल. पण एवढं पाणी घेऊन जाण्यासारख्या दिशा दोनच. तिने पंपाला कुलूप लावलं, नवऱ्याला एका रस्त्याने पाठवलं आणि स्वतः दुसऱ्याने निघाली. मास्तरीणबाई तिसऱ्या बाजूला उगाचच, खात्रीसाठी गेल्या होत्या. आणि प्रज्ञाच्या दाराशी, आम्ही पोचलो तेव्हा, दिवे लागणीच्या वेळी, शाली गुंडाळून तीन आज्या बसल्या होत्या. त्यातली ती मला न्याहाळणारी उठली, प्रज्ञाचा दंड चाचपला, माझ्याकडे बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली आणि तिघी घरी गेल्या. ती काय म्हणाली ते प्रज्ञाने मला सांगायला नकार दिला.

त्या संध्याकाळी गार झालेलं भाजलेलं मटण मी तीनदा वाढून घेतलं. त्याच्याबरोबर पुदिन्याचं गोड-आंबट सॉस देतात. आपल्या पुदिन्याच्या चटणीत कोणी मिरची घालायला विसरलं तर असं लागेल. मला ते अमृत लागलं.

सोमवार

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाला आणखी आतल्या एका वस्तीवर लहान मुलांना लशी द्यायला जायचं होतं. सकाळी ती दवाखान्याच्या गाडीतून पंपावर थांबली आणि कॅरोलला तिने वस्तीचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, पाचपर्यंत येते म्हणाली. मी शेजारीच उभा होतो. या वेळी मी मान वळवली नाही. ती गाडीत बसताना मी म्हटलं, "त्या लोकांना काय कळवायचंय ते कळव. महिनाअखेरची वाट कशाला बघतेस?"

तिने विचारलं, "आणि आई?"

मी म्हणालो, आईचं मी बघतो. तिने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं आणि गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच होतो.

आईचं काय आणि कसं बघायचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. घरी येऊन मी मनात वाक्यं जुळवत पलंगावर आडवा झालो. कालचं सगळं सांगायचं की चाकापुरतं, आधी आज्या सांगायच्या की आधी कॅरोल. जुळवता जुळवता मला झोप लागली. फोन वाजला तेव्हा खिडकीतून दुपारचं ऊन अंगावर आलं होतं आणि क्षणभर मी कुठे आहे हेच कळेना.

मंदा होती. रविवारी फोन का नाही म्हणून तिने आधी झाडलं. मग म्हणाली, "प्रज्ञा कुठाय?"

"कामाला गेलीय. लांब, एका वस्तीवर."

"एकटी?"

"हो. पाचला येईल."

"आणि तुमचा आवाज असा का येतोय? बरं नाही का?"

"नाही गं. झोपलो होतो."

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ती बाहेर असताना?" मंदाने विचारलं. "तुम्ही झोपलात?"

"लागला डोळा," मी म्हणालो. "गाढ झोप लागली."

मागे आमच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत असल्याचं ऐकू येत होतं. मग तिने तो बंद केला.

"मग राहू दे तिला," ती म्हणाली.